बेड किती रिकामे?

फोन पहाटे पाचला सुरू होतो.
बेड किती?
मी म्हणते, तीन. म्हणते, एकही नाही.
म्हणते, दुपारनंतर बघू, एक होईल.
'होईल' म्हणजे काय, ते पलीकडचा विचारत नाही.

कॉर्नवॉलच्या या टोकाला, खाडीकाठच्या इस्पितळात
माझं काम एवढंच: बेड मोजणं.
सात वर्षांत हा शब्द तोंडात
इतका गुळगुळीत झालाय
की चघळला तरी चव लागत नाही.

नऊ नंबरवर जॉरी ट्रेगोवन.
वय ब्याऐंशी, खुबा मोडलेला, बसवलेला,
पाय बेडच्या बाहेर वीतभर.
मी म्हटलं, आमच्यात म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावे.
तो म्हणाला, कालवांना सांग हे.
चांगल्या बेडवर ती एकमेकांच्या अंगावर झोपतात.

कुठल्या बेडवर?
खाडीच्या तळाशी, शिंपल्यांच्या चुऱ्यावर,
जिथे त्याची शिडाची होडी साठ हिवाळे
जाळं ओढत सरकली.
इंजिन लावायला तिथे मनाई.
उशीखालून पितळेची कडी काढून दाखवली:
हिच्यातून निसटतं ते अजून बाळ,
परत पाण्यात, आपल्या बेडवर.

मग रोज एक.
बायकोचा बेड दारापुढे, लीकच्या पातीचा.
आम्ही त्याला वाफा म्हणतो.
काका खाणीत स्लेटचा बेड ओळखायचा, नुसत्या टकटकीवरून.
थर.
बाप समुद्राच्या बेडवर, मी नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून.
तळ, मी म्हटलं, जरा हळू.
आणि उन्हाळ्यात नदीचा उघडा पडतो तो?
पात्र.
म्हणजे भांडंसुद्धा. म्हणजे नाटकातला माणूससुद्धा.
तो टाके दुखेपर्यंत हसला.
एका शब्दाला इतके अर्थ?
तुमचा गोंधळ होत नाही?

एक मात्र मी सांगितलं नाही
की या त्याच्या शब्दाला आम्ही
नुसती वेलांटी दिली
तर बेडी होते.

बुधवारच्या मीटिंगमध्ये नऊ नंबर तक्त्यावर लाल.
माणूस बरा झालाय, पण घरी जिना आहे,
घरी कुणी नाही.
अशांना आमच्या खात्यात नाव आहे: बेड अडवणारा.
मी ते फोनवर बोलले,
त्याच्या पडद्यापासून चार पावलांवर.

संध्याकाळी तो म्हणाला,
आमच्या धंद्यात बेड अडतो तो गाळाने.
गाळ स्वतःहून येत नाही, पोरी.
नदी आणते आणि ठेवून जाते.
आवाजात राग नव्हता.
मी त्याची नीट असलेली चादर
पुन्हा नीट केली.

शुक्रवारी पुतणी आली, लोवेना,
हातांना डिझेलचा वास.
खालच्या मजल्यावर, खिडकीशी, जागा केलीय म्हणाली.
आणि खाट?
खाट बाहेर उभी होती:
पिकअपच्या मागच्या बेडमध्ये
होडीच्या दोरांनी आवळलेला,
लोखंडी, गंजका, कुणा शेजाऱ्याने दिलेला बेड.
बेडवर बेड! जॉरी व्हीलचेअरवरून ओरडला,
पार्किंगमधली कुत्रीसुद्धा वळून बघायला लागली.
गाडी निघाली तेव्हा बेडचा एक पाय
बाहेर होता, वीतभर.

कडी ड्रॉवरमध्ये सापडली.
राहिली की ठेवली, कळायला मार्ग नाही.
चादर अजून बदललेली नाही.
उशीत डोक्याचा खळगा,
ओहोटीनंतर चिखलात राहतो तसा.

फोन वाजतो.
बेड किती?
कडी माझ्या बोटावरून निसटते, मनगटावर मात्र चढत नाही.
एक, मी म्हणते.
पण जरा वेळाने पाठवा.